या वेळचे टाके

दाभण असा धर, माटेउश, तळव्यावरच्या चामड्याला टेकवून.
बोटांनी नाही रेटायचा, खांद्याने.
दोऱ्याला मेण लाव. अजून.
आणि धक्क्यावरची पोरं सांगतात ते सोड.
आन्सेल्मो दुत्राला सोन्याचा दात नव्हता,
रक्तात बुडवून पावही तो खात नसे.
अकरा वर्षं त्याची शिडं मी शिवली.

बापाची बाग होती त्याच्या, फ्लामेंगुशच्या उतारावर, संत्र्यांची.
नाताळाआधी इंग्रजांची गलबतं यायची,
बायका रात्रभर कंदिलाशी बसून
मक्याच्या पातीत एकेक फळ गुंडाळायच्या.
मग झाडांना ते दुखणं लागलं.
साल तडकायची, डिंक ओघळायचा,
आम्ही त्याला आसवंच म्हणायचो.
दोन हिवाळ्यांत उतार उघडाबोडका.
बाप सावकाराचे कागद उलटे धरून वाचत बसे,
आणि मुलगा अंगोलाच्या गलबतावर चढला,
माणसं वाहायला.
मीही चढलो. पगार बरा होता.

विषुववृत्तावर वारा पडला. एकवीस दिवस
समुद्र तेलासारखा.
कप्तानाने पाण्याच्या पिंपाला कुलूप घातलं,
तेव्हा आन्सेल्मोने त्याला होडीत बसवलं,
टोपी हातात दिली, दोर कापला.
तळातल्या माणसांना सोडलं का, विचारतोस?
नाही. बाहियाजवळच्या एका खाडीत, रात्री, विकलं.
या बेटावर बरेच जण इथे गोष्ट बदलतात.
माझ्या वाट्यातून आईच्या घरावर कौलं चढली.

त्यानंतर आम्ही कुणाचेच नव्हतो.
गलबत धरलं की त्याचा पहिला प्रश्न: फळं आहेत?
असली तर सुकाणूशेजारी बसायचा,
डाव्या हातात चाकू,
आणि संत्र्याची साल एकाच पट्टीत उतरवायचा,
बोट कलंडो की लाट वर येवो,
पट्टी तुटायची नाही.
ती तो सुकाणूच्या दांड्यावर टांगायचा.
ती टांगली की आम्हाला कळायचं, आता कामाला लागा.
कसल्या कामाला, ते नको विचारू.

व्हियानाच्या एका गलबतावर जेर्वाझियो नावाचा पोऱ्या होता,
तुझ्याएवढा. शेवटी तेवढाच उरला.
आन्सेल्मो म्हणाला, याला कापडात शिव.
जिवंत? मी विचारलं.
तो साल काढत होता, मान वर केली नाही.

मी शिवलं.
पायाशी गोळ्याऐवजी जाळ्याची बुचं भरली,
टाके सैल घातले, डोळ्यापाशी एक भोक राहू दिलं.
दया होती म्हणतोस? माहीत नाही.
हात थरथरत होता, एवढं खरं.

चार वर्षांनी लिस्बनमध्ये
आन्सेल्मो खारवलेल्या माशाचा व्यापारी होता,
पोट सुटलेलं, नाकावर चश्मा, चर्चला वर्गणी.
एका खाणावळीत जेवण झालं, त्याने संत्रं मागवलं.
वाढणाऱ्या पोराच्या हातून सुरई पडली.
एवढंच. आरडाओरडा नाही, काही नाही.
सुरई फुटली,
आणि टेबलावरून ती अखंड पट्टी लोंबत राहिली.

मला धरलं तिसऱ्या दिवशी.
सगळं बोललो, नावं, तारखा, खाडी. मान वाचली.
मग तुरुंगाचा कारकून विचारू लागला,
शिवणकाम कुणाला येतं?
फाशीवाल्याला डोक्यावर चढवायची पिशवी हवी होती.

आदल्या संध्याकाळी माप घ्यायला गेलो.
कापड त्याने हातात घेतलं,
अंगठ्याने शिवण चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
जसा शिड उभारण्याआधी चाचपायचा.
म्हणाला,
"तिबुर्सियो, या वेळी घट्ट आहेत."
कधीपासून ठाऊक होतं त्याला?
अकरापैकी किती वर्षं?
विचारायला तोंड उघडलं, तर किल्लीवाला आला.

मजुरीचे चार नाणी मिळाले.
त्यातलाच हा दाभण.

ओढ आता. जरा तिरका. हं.
दोरा दाताने नको तोडू,
चाकू आहे तिथे, घे.