इतर, कृपया स्पष्ट करा

गेंट नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर
खिडकी क्रमांक सातपाशी
अर्ज मिळतो. नातं या शब्दापुढं चार चौकटी :
पती. पत्नी. अपत्य. इतर.
मी इतरवर फुली मारते.
पेन जरा जास्तच दाबलं जातं.

लग्न का करत नाही, बाई विचारतात.
बाईंचं नाव फान हेके, चष्मा साखळीनं गळ्यात,
आवाजात आकस नाही.
केलं होतं की, मी म्हणते,
याच इमारतीत, तळमजल्यावर.
मोडलंही इथंच, दुसऱ्यावर, बावीस मिनिटांत.
आता तिसऱ्यावर आलेय.
लिफ्ट याच्या वर जात नाही.

बाई हसत नाहीत. चष्मा मात्र डोळ्यांवर चढवतात.

पुरावा पहिला : ओरुरोतल्या एका दुकानाची पावती,
ट्यूबाचा पोचा काढल्याचे ऐंशी बोलिव्हियानो.
आमच्या गावचा पितळी बँड त्यांच्या कार्निव्हलला गेला होता
आणि विमानवाल्यांनी माझं वाद्य आपटलं होतं.
विल्मर कोंदोरी. गल्ली त्याला पितळेचा डॉक्टर म्हणते.
त्यानं कोपरापर्यंत हात आत घातला
आणि दोन दिवस पत्र्याची समजूत काढत बसला.
अंगठ्याएवढा पोचा ठेवला मुद्दाम.
सगळा काढला तर आवाज पातळ होतो, म्हणाला.
(थाप असावी. मी कुणाला विचारलं नाही.)

नंतर तिकिटं, हॉटेलं, एका दातदुखीचं बिल.
नंतर आमचे संदेश, छापून,
अकराशे बेचाळीस पानं.
भांडणं मी आधी काढून टाकली होती,
मग परत घातली.
नुसतं गोड कोण खरं मानेल?
एक मोजलं आणि लाज वाटली :
दोन वर्षांत मी एकोणऐंशी वेळा विचारलंय,
जेवलास का.

बाई पानं उलटतात. मार्चपाशी बोट थांबतं.
इथं अकरा दिवस शब्द नाही.
फक्त एक फोन, सात तास बारा मिनिटं.
काय बोललात?
काही नाही.
सात तास?

त्याची आई गेली होती.
त्यानं फोन खिडकीत उभा करून ठेवला,
मी माझा इथं, पावाच्या डब्याला टेकवून.
तिकडची रात्र, इकडची सकाळ.
मी बटाटे सोलले. कामावर कळवलं, येत नाही.
तिकडं खुर्च्या सरकत होत्या,
कुणी बाई पेल्यात साखर ढवळत होती, खूप वेळ,
लांब कुठं एक कुत्रं.
त्यांच्या पहाटे त्याच्या भावानं ट्रॉम्बोन काढला,
एकच सूर, श्वास संपेतो,
मग परत तोच.
विल्मर एकदाही फोनपाशी आला नाही.
त्यानं तो बंदही केला नाही.

बाई लिहायला घेतात, थांबतात.
याला रकाना नाही, म्हणतात.
मग कागद सरळ करता करता, माझ्याकडं न बघता :
माझे वडील गेले त्या रात्री...
आणि स्टेपलर उचलतात.

इतरच्या खाली बारीक अक्षरात
कृपया स्पष्ट करा.
चार ओळी आखून दिल्यात.
पाचवी असती तर सूरच मांडून दिला असता.
मी लिहिते : माझा पोचा कुठं आहे, त्याला ठाऊक आहे.
खोडते.
लिहिते : दोन वर्षं, पाच भेटी, एकशे तीन दिवस.
हे चालतं. शिक्का बसतो.
निकाल टपालानं. किती दिवसांत, सांगता येत नाही.

घरी येऊन ट्यूबा पेटीतून काढला.
वाजवला नाही, शेजारी आजारी आहे.
अंगठा पोच्यात ठेवून बसले,
पितळ गार होतं, मग नव्हतं.
तिकडं भर दुपार.
जेवलास का, लिहिलं.
ऐंशी.