बाब क्रमांक एकोणीस

आधी निवेदनं, मग प्रश्न, मग मी उभी राहते:
काळा झगा, गळ्याशी पांढरी पट्टी,
हातात आजची कार्यक्रमपत्रिका.
बाब क्रमांक एक, मी वाचते.
कुणीतरी बसल्या जागेवरून म्हणतं, राहू द्या.
बाब क्रमांक दोन. राहू द्या.
तीन.
राहू द्या.

गॅलरीत आलेल्या शाळेच्या पोरांना वाटतं, इथे काहीच होत नाही.
मलाही वाटलं होतं, बावीस वर्षांपूर्वी,
गास्पेहून नवी आले तेव्हा. आमच्या धक्क्यावर
कॉडची टोपली कुणी राहू द्या म्हटली
तर सकाळी अख्ख्या गल्लीला कळायचं.
ओटावात कागदाला वास सुटत नाही.
फक्त बाबीच्या शेवटी, कंसात, एक आकडा वाढत जातो.

नियम साधा आहे. पंधरा बैठका
कुणी चकार शब्द काढला नाही, तर बाब गळते.
मतदान नाही, विरोध नाही,
कुणालाही कुणाला 'नाही' म्हणावं लागत नाही.
दुसऱ्या दिवशी पत्रिका छापून येते
आणि अठरानंतरची बाब वेगळीच असते.

ही इमारत पूर्वी रेल्वे स्टेशन होती.
गाडी चुकलेली माणसं बाकांवर कोट पांघरून झोपत
त्याच्या आसपासच कुठेतरी
आता लाल गालिचा आहे, आणि आमची भिजत पडलेली घोंगडी.

एकोणीस म्हणजे आल्फे द्वारों.
फंडीच्या उपसागराकाठचे धुक्यातले भोंगे
एकेक करून मुके होताहेत,
याकडे सभागृहाचं लक्ष वेधण्याबाबत.
नोव्हेंबरात उठले. पंधरातली चार मिनिटं बोलले.
त्या चारात एक भोंगा वाजवूनही दाखवला,
तोंडाने, गाल फुगवून, दोनदा.
सभापतींनी आमच्या टेबलाकडे पाहिलं.
आम्ही नियमावली चाळली.
भोंगा वाजवू नये असं कुठेच लिहिलेलं नाही.
काचेमागची दुभाषी तेवढा वेळ गप्प राहिली.
मग त्यांना ढास लागली, त्यांनी पाणी मागितलं,
उरलेल्या वेळासाठी चर्चा तहकूब करावी, म्हणाले,
आणि खाली बसले.

पलीकडच्या बाकावरून इशबेल रँकिन तेव्हा बोलल्या होत्या,
परवानगी न घेता:
बोटीवर आता तीन तीन स्क्रीन असतात, सिनेटर.
धुक्यात ओरडायचं कुणासाठी?

आज फेब्रुवारी. द्वारों मंक्टनच्या इस्पितळात.
त्यांच्या डेस्कवर हिरवी पेन्सिल तशीच आहे.
एकोणीसच्या पुढे कंसात: पंधरा.

सहाला तीन मिनिटं कमी.
सहा वाजता सभापतींना खुर्ची सोडावीच लागते,
सर्वांनी मिळून घड्याळ न पाहण्याचं ठरवलं नाही तर.
खरोखर असंच विचारतात:
घड्याळ न पाहण्यास सभागृहाची संमती आहे का?
कधी असते. आज मागच्या बाकावर कुणाचं तरी विमान होतं.

बाब क्रमांक एकोणीस, मी वाचलं.
आणि थांबले. इतकं थांबायचं नसतं, मला माहीत आहे.
द्वारोंच्या गटाचा प्रतोद फोनमध्ये होता.

रँकिन उठल्या. चष्मा शोधला, सापडला नाही,
तशाच बोलल्या. या विषयावर माझं मत बदललेलं नाही, म्हणाल्या.
भोंग्यांवर एक डॉलरही खर्च होऊ नये.
माझे वडील केप ब्रेटनला भोंगा ऐकून घरी यायचे,
एकदा आले नाहीत, तो भोंग्याचा दोष नव्हता.
एवढंच. सभागृहाच्या अनुमतीने चर्चा तहकूब करावी,
सिनेटर द्वारोंच्या नावावर,
त्यांच्या उरलेल्या वेळासाठी.

अनुमती आहे?
कुणी हूं की चूं केलं नाही. म्हणजे आहे.

मी नोंद केली: अकरा मिनिटं.
सहाचे ठोके पडले, सगळ्यांनी घड्याळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पत्रिका आली. एकोणीस होती. कंसात: एक.
मी वाचलं, आणि रँकिन
बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, राहू द्या,
जरा जास्तच मोठ्याने,
दुभाषीने कानावरचा हेडफोन सरकवला.