माशी

टार्गेटवरचा माणूस काळा असतो,
डोळे नाहीत, नाक नाही,
छातीवर फक्त गुणांची वर्तुळं, एकात एक.
बावीस वर्षं मी त्याच्या छातीतली भोकं मोजते आहे.
पगार नाही. एक टोपी मिळते,
आणि दुपारी अग्निशमन दलाच्या बायकांनी केलेलं
हॅम सँडविच.

ओहायो नदीच्या अलीकडे, बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीत,
सप्टेंबरचा दुसरा शनिवार. धुकं दहापर्यंत हटत नाही.
व्हर्लिन स्ट्राउड डिकीतून पेटी काढतो:
जाड नळीची रिव्हॉल्व्हर,
लाकडी मुठीवर त्याच्याच बोटांचे खळगे.
अठ्ठावीस वर्षं तुरुंगात सार्जंट होता,
ड्यूटीवर एकदाही चाप ओढला नाही.
देवाची कृपा, म्हणतो,
आणि चाव्यांची.

कॉफीचा कप उचलताना त्याचा हात थरथरतो.
रिव्हॉल्व्हर उचलताना नाही.
डॉक्टरलाही याचं उत्तर देता आलेलं नाही.
आयुष्याचा नेम नाही, म्हणतो, हाताचा आहे,
आणि दोन्ही कानांवर मफ ओढतो.

सात यार्डांवर बारा गोळ्या, वीस सेकंद.
मधेच रिकाम्या पुंगळ्या झटकून सहा नव्या एका दमात भरायच्या.
गोळी सपाट तोंडाची, मऊ शिशाची.
ती कागद फाडत नाही, कापते;
शाळेतल्या पंचिंग मशीनसारखं गोल, स्वच्छ भोक.
मग पंधरा यार्ड. मग पंचवीस.
शेजारच्या लेनमध्ये ब्रेडन ओल्शेवस्की,
हायवे पोलिसातला, सव्विशीचा, दाढी अजून विरळ.
दर टप्प्यानंतर व्हर्लिनच्या टार्गेटकडे चोरून बघतो.

आणि शेवटी पन्नास.
बसून सहा, पालथं पडून सहा,
खांबाच्या आडून डाव्या हाताने सहा, उजव्या हाताने सहा.
एकशे पासष्ट सेकंद.
गुडघे वाजलेले मला मागे बाकावर ऐकू आले,
किंवा तसं वाटलं.
शिट्टी झाली. टार्गेटं वळली, कडेवर उभी राहिली,
जणू तिथे कोणी नव्हतंच.

मी मोजली: तेवीस.
पुन्हा मोजली. तेवीस.
मधल्या वर्तुळात तीन-चार भोकं एकमेकांत शिरलेली,
एकाच भोकातून दोन गेल्या असतील, सहज.
नियम सांगतो, संशयाचा फायदा नेमबाजाला.
चोविसावी दहाची धरली तर व्हर्लिन एका गुणाने पुढे,
नाही धरली तर नऊने मागे.
ब्रेडन बुटाच्या टाचेने खडी उकरत होता.
माझी पेन्सिल कागदाला टेकलीच होती.

थांब, आर्डिथ.
त्याने मूठ उघडली.
तळहातावर एक अख्खं काडतूस,
बुडाला पिनेचा ओरखडासुद्धा नाही.
हात आता थरथरत होता.

मग कुठे माशी शिंकली रे, मी विचारलं,
हसत, उगाच.
त्याने नळीच्या टोकावरच्या माशीला अंगठा लावला,
काळी, चौकोनी, तांदळाच्या दाण्याएवढी.
माशी स्पष्ट दिसली पाहिजे, म्हणाला,
आणि माणूस धूसर. चाळीस वर्षं तसंच केलं.
आज शेवटच्या गोळीला माशी विरघळली
आणि तो स्पष्ट झाला.

जरा वेळ कोणीच बोललं नाही.
मोतीबिंदू असेल, तोच म्हणाला,
सोमवारी दाखवून येतो.
काडतूस शर्टाच्या खिशात टाकून बटण लावलं.
मी शून्य लिहिलं. शून्याला माझ्या हातून टोक आलं.

ब्रेडनने कप घेतला, कोणाकडे न बघता,
मग व्हर्लिनची पेटी गाडीपर्यंत पोचवली.
त्याला नको म्हणायला व्हर्लिनकडे हात मोकळा नव्हता,
कॉफी होती.

उरलेल्यांसाठी टार्गेट पुन्हा वापरायचं होतं.
मी काळ्या टिकल्यांची गुंडाळी घेऊन बसले,
भोकांवर एकेक चिकटवत. छाती परत भरून आली.
सवयीने चोवीस काढल्या होत्या.
शेवटची घरी पोचेपर्यंत बोटालाच होती,
स्टिअरिंगवर हात ठेवला की
मधेमधे लागायची.