शेवटून दुसरं पान

दर गुरुवारी, दोन पेन्सला,
हॅलिफॅक्सच्या चढावरच्या कोपऱ्यातल्या दुकानात
मिसेस थ्रेलफॉल आधीच बजावायची:
हे वाचनालय नाही. पैसे, मग पान.
पोरं तरी उभ्याउभ्या शेवटून दुसरं पान गाठायची.
तिथे भुतं राहायची.

नऊ चौकटी. काळी शाई आणि एक लाल,
तीही छापताना हमखास सरकलेली,
त्यामुळे प्रत्येक नाक
चेहऱ्याच्या जरा आधीच पोचायचं.

बाप, आई, धाकटा निब,
आणि आपलं डोकं टोपीच्या खोक्यात विसरून येणारी आत्या.
शिवाय एक कुत्रा.
तो जिवंतच होता,
पण त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या भुतांना निदान उलटे तरी पाय असतात.
यांना पायच नव्हते.
चादर खाली येता येता संपायची,
बोलता बोलता माणूस गप्प व्हावा तशी.
खरं कारण एवढंच
की क्लेमंट बॅराक्लफला पाय जमत नसत.

दिवसा गालिच्यांच्या गिरणीत हिशेब,
रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर भुतं.
विनोद आधी हेटीवर करून बघायचा.
ती खदखदून हसली तर कागद चुलीत,
नुसतं 'हं' म्हणाली तर पोस्टात.
सही करायची नाही, असा कचेरीचा नियम,
म्हणून आद्याक्षरं आत्याच्या चादरीच्या घडीत.
शेजारच्या पोराने एकदा विचारलं, भूत कसं काढतात?
भूत काढायचं नसतं, तो म्हणाला,
त्याच्याभोवतीची रात्र काढायची.
भूत म्हणजे उरलेला कागद.

एका आठवड्यात गॅसचा मीटर बघायला माणूस आला.
बाप भिंतीतून निघाला, हात वर,
अख्खी चौकट भरेल अशी किंकाळी.
माणूस मान वर न करता म्हणाला,
दार लावा हो, वारा येतोय.
यावर हेटी 'हं' म्हणाली होती.

ती फेब्रुवारीत गेली. छातीत कफ, मग नऊ दिवस.
नऊ चौकटी भरायला कधीकधी तेवढेच लागायचे.
त्या गुरुवारचं पानही वेळेवर गेलं:
भुतं चहाला बसलीयत,
निब साखरेच्या भांड्यातून आरपार गेलाय,
आणि टेबलावर चारांऐवजी पाच कप.

पान परत आलं.
सोबत संपादकाची चिठ्ठी, सभ्य, टंकलिखित:
पाचवा कप चुकून आलेला दिसतो.
पांढऱ्याने मिटवून धाडावा.

त्याने मिटवला.
बारीक ब्रश, पांढरा रंग, कानापासून बशीपर्यंत.
त्या पानावर पांढरं म्हणजे काय,
हे संपादकाला कोण सांगणार?
पोरं त्या गुरुवारी नेहमीइतकीच हसली.

पुढे साप्ताहिकच बंद पडलं.
मूळ कागदांचं गाठोडं घरी आलं, दोरीने बांधलेलं.
जमीन गार पडायची,
क्लेमंटने भुतं लिनोलियमखाली अंथरली
आणि त्यांच्यावरून वीस वर्षं चालला,
मोजे घालून.

परवा शब्बीर आला, पाइप बदलायला.
लिनोलियमचा कोपरा उचकटला
आणि खाली डोळे, गोल, उघडे, कसले तरी खुश.
त्याने पाना बाजूला ठेवला.
कागद पार पिवळे पडलेले,
आई, बाप, आत्या, सगळी भुतं चहाच्या रंगाची.
फक्त एका टेबलावर, दोन कपांच्या मधोमध,
एक डाग अजून पांढराशुभ्र,
त्याला कान होता.
शब्बीरने अंगठ्याने तो चाचपून पाहिला.
जरा उंच लागला.

मग पुढचं पान. मीटरवाला.
रिकाम्या घरात तो एकटाच मोठ्याने हसला,
आणि मागे खरोखरच वारा येत होता.
उठून त्याने दार लावलं,
परत गुडघ्यांवर बसला.
अजून दोन चौकटी राहिल्या होत्या.