माया

सगळं आधी मांजरपाटात करून बघायचं.
चुकायचं ते स्वस्तात चुकायचं,
वझिफदार मॅडम म्हणतात,
गळ्यात टेप, दातांत दोन टाचण्या
आणि तरी उच्चार स्वच्छ.

मी चुकले, चौदा मीटर.
मंगलदास मार्केटातल्या शेठनं तिसऱ्या खेपेला
हळूच विचारलं, घरी कोणी गेलं का?

विक्रोळीच्या बसमध्ये
पॅटर्नची गुंडाळी उभी धरून बसले होते.
कंडक्टर म्हणाला, नकाशा कुठला?
म्हटलं, बाईचा.
तो तिकीट न देताच पुढे गेला, मग परत आला.

नकाशाच होता खरं तर.
पाठ, बाही, मुंढ्याचा उतार,
छत्तीस, अठ्ठावीस, अडतीस.
कन्नमवार नगरात या मापाची बाई
मला अजून भेटलेली नाही.

या सत्रात करायचं होतं
स्वतःचं चित्र, कापडात.
इशितानं लिस्बनच्या फरशांचे फोटो आणले,
सुट्टीत काढलेले, निळे, सुंदर.
मला हेवा वाटला, उगाच कशाला खोटं बोलू.
माझ्या बोर्डावर आठवडाभर नुसत्या टाचण्या.

मग एका रात्री, आई नाइटला असताना,
तिचा लग्नातला ब्लाऊज उसवला. न विचारता.
ब्लेडच्या टोकानं, टाका टाका सोडवत.
बाहेरून धुऊन धुऊन सोलकढीइतका फिका झालेला,
आत दीड इंच कापड दुमडलेलं,
आणि त्या दीड इंचात
रातांबा, नुकता फोडलेला.

वीस वर्षं तिथे ऊन पोचलं नव्हतं.

सुईच्या भोकांच्या चार रांगा होत्या.
पहिली लग्नाची.
दुसरी मी पोटात होते तेव्हाची, तिसरी राजसच्या वेळची.
चौथी पुन्हा आत, पहिलीच्याही आत.
त्या वर्षाबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नाही.
पेंडुरकर काकूंच्या वहीत फक्त माप आहे
आणि तारीख.

काकू म्हणतात, कापताना माया सोडायची गो.
आजच्या अंगाचं शिवलंस
तर उद्या काखेत फाटतं.

मी तसंच शिवलं. दीड इंच, सगळीकडे.
ज्यूरीला मॅडमनी कपडा उलटा केला,
अंगठ्यानं शिवण चाचपली.
इतकं का ठेवलंस? जाड दिसतं.
मी सीम अलाउन्स म्हणाले आणि तिथेच अडले,
पुढचं इंग्रजी येईना.
माया, म्हटलं शेवटी.
बाहेरून आलेल्या परीक्षकांना वाटलं
मॉडेलचं नाव. त्यांनी लिहूनही घेतलं.
मी दुरुस्त केलं नाही.
बी मायनस.

मला काय करायचंय ते अजून धड सांगता येत नाही.
रॅम्प नको असं नाही, हवाच आहे,
दिवे, टाळ्या, कापडी पट्टीवर विणलेलं साटम.
पण एकदा तरी कपडा
उलटा घालून चालत यावा कोणीतरी,
शिवणी बाहेर, जुन्या भोकांच्या रांगा बाहेर,
आणि बघणाऱ्या बायकांनी नकळत
स्वतःच्या कुशीवर हात न्यावा.
हे पोर्टफोलिओत कसं लिहितात,
शिकवलेलं नाही.

सध्या ब्लाऊज मशीनवर पडलाय,
दोन्ही कुशी उघड्या.
कुठल्या रांगेवर टीप मारू?

सकाळी आई आली, पाय धुतले,
उसवलेलं बघितलं, चहा ठेवला.
ओरडेल म्हणून मी वाट बघत राहिले.
तिनं हात वर केले,
झडतीला उभं राहावं तशी.
मी टेप फिरवली.
तिनं पोट आत ओढून घेतलं.

सोड, म्हटलं.