मुंगूस

शारजा, अल नहदा, चौदावा मजला.
फॉल्स सीलिंगची एक टाइल सरकवून
मुंगसाला आत सोडतो.
कंपनीच्या कागदावर त्याचं नाव मोठं आहे,
चपलेच्या खोक्याएवढ्या यंत्राला न झेपणारं.

चार चाकं, दोन दिवे, मागे पिवळी केबल.
केबल सोडायला टेकबहादूर.
माझ्या हातात दोन दांड्या आणि स्क्रीन:
पत्र्याचा बोगदा, त्यात धुळीचा मऊ थर,
वीस वर्षांच्या भाडेकरूंच्या केसांचा, तळणीचा, ऊदाचा.

"आता डावीकडे," टेकबहादूर म्हणतो.
स्क्रीनवर अजून सरळच दिसतंय.
मग येतं वळण.
"पुढे सांधा. चाक अडेल."
अडतं.

मुंगूस यायच्या आधी सहा वर्षं
आत तोच जायचा, बारीक अंगाचा म्हणून.
दातांत टॉर्च, कोपरांवर सरपटत.
हे सांगताना तो केबलचा पीळ सोडवत असतो,
आवाज भाजीचा भाव सांगितल्यासारखा.

"इथे स्क्रू आहे. वरून. लांब."
मी वेग कमी करतो, दिवे वर वळवतो.
आहे.
टोकाला निळ्या कापडाची चिंधी,
एसीच्या वाऱ्यात फडफडणारी.
आमचा जुना युनिफॉर्म निळा होता.

रिपोर्टात लिहायचं: अडथळा, किरकोळ, फोटो एकतीस.
लिहितो.
मग मुंगसाला हळूच त्याखालून काढतो

आणि इकडे, कॉरिडॉरच्या उंच छताखाली,
दोन्ही हातांत केबल धरून उभा टेकबहादूर
खांदे आवळतो, डोकं वाकवतो,
स्क्रू मागे पडेपर्यंत.