पान्हा

पहाटे साडेचार. आबा कडी काढतायत.
"गंगावेशीत गिऱ्हाईक थांबलंय. चरवी कुठं हाय?"

म्हशी विकून अकरा वर्षं झाली.
हे काल सांगितलं, परवाही.
आज ओरडून सांगितलं.
शेजारी मुल्लांच्या खिडकीत दिवा लागला.

मग धोतर ओलं.
मग त्यांची गच्च मूठ,
एकेक बोट उचकटणारी मी,
डोक्यात पावणेसहाची केएमटी, उरलेल्या दोन रजा,
आणि पुण्याच्या भावाचं वाक्य :
तू जरा शांत राहा ना, ताई.

आबा माझ्या मनगटाकडं बघत राहिले.
"कुणाची गं तू पोरी?
हात तापलाय तुझा.
असल्या हाताला मोरणी पान्हा चोरंल.
आधी पाठीवर थाप दे. बोल तिच्यासंगं.
काय बी बोल."

मी फरशीवरच बसले.
बोलले काय बी :
शेंगदाण्याचा भाव, रंकाळ्यातलं केंदाळ,
नंदाच्या नव्या स्कूटीचा रंग.

मूठ कधी सुटली, कळलं नाही.

केएमटी चुकली.
उद्या ते पुन्हा उठतील,
मी ओरडेनही कदाचित.

चरवी तेवढी माळ्यावरून काढलीय.
चिंचेनं घासून
दाराशी पालथी घातलीय.